साठीनंतरची रोड बाइक: आधी माप, मग रंग
एकसष्टाव्या वर्षी पहिली रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची खाली वळलेल्या हँडलची सायकल, घेतली. माझी उंची पाच फूट एक, तरी दुकानातल्या पोराने ५२ सेंमी मापाची फ्रेम (सायकलचा सांगाडा) गळ्यात मारली. खडकवासल्यापर्यंत जाऊन येईतो मान आखडायची, तळहाताला मुंग्या यायच्या. आता ४७ची आहे.

दुकानात जाण्याआधी घरी माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, जाडसं पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. माझं ७१ सेंमी भरलं. त्याला ०.८८३ने गुणलं की दोन्ही पेडलांचे दांडे जिथे जोडलेले असतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते: साधारण ६२.७. गुडघे कुरकुरत असतील तर तिथून थोडं खालीवर करून बघा.

मग हात. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं आणि बोटं पेटी वाजवल्यासारखी मोकळी हलायला हवीत. ताणून धरावं लागलं तर फ्रेम लांब आहे, उगाच ‘सवय होईल’ ऐकू नका. ब्रेकचा दांडा बोटांपासून दूर वाटला तर बऱ्याच बाइकवर तो स्क्रूने जवळ घेता येतो. सांगा, लाजू नका!

सीट गुबगुबीत नको, बसायच्या हाडांइतकी रुंद हवी. चढासाठी गिअरमध्ये पुढच्या सगळ्यात लहान चक्रीला ३४, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला ३४ दात. टायर ३२ मिमी रुंदीचे.