सायरन वाजला की घर अंधारात कसं न्यायचं

22 एप्रिल 2025 ला काश्मीरमधल्या पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात 26 जणांचा बळी गेला. 7 मे च्या पहाटे भारताच्या ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या नऊ ठिकाणी मारा झाला आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. ब्लॅकआउट, म्हणजे हवाई हल्ल्याच्या धोक्यात घरातला उजेड बाहेर दिसू न देणं, सीमेवरच्यांसाठीच, असं कोल्हापुरात म्हणून चालत नाही.

सायरनचा खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला.

आधी इन्व्हर्टर बंद करा. सगळे नेमके इथंच चुकतात: मेन स्विच पाडतात, इन्व्हर्टर दिवे चालूच ठेवतो. मग जिन्यातले सेन्सरचे दिवे, गच्चीवरचे सोलर दिवे. सोलर दिव्याला बटण सापडलं नाही तर सरळ बादली पालथी घाला.

शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत खिडक्या झाकतात, छपरातलं काचेचं कौल मात्र विसरतात. उजेड सरळ वर जातो! आतून काळा कागद दुहेरी लावा, कडा चिकटपट्टीनं बंद करा. पावसाळ्यातली ताडपत्रीही चालते, फक्त भोकं तपासा. आत एक दिवा लावून रात्री बाहेरून बघा. फट लगेच दिसते.

गॅसचा रेग्युलेटर बंद करा. लिफ्ट नको.