अभ्यासिकेत दहा तास बसूनही अभ्यास होत नाही? या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, परीक्षांसाठी सकाळी लवकर जागा धरून रात्रीच उठणारी मुलंमुली पुष्कळ आहेत. तरी टेस्ट सिरीजचे, म्हणजे सराव परीक्षांचे, गुण हलत नाहीत. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. माझ्या मते रील्सपेक्षा जास्त वेळ खातात त्या अभ्यासाच्या नावाखाली चाललेल्या गोष्टी. वरवर अभ्यासच दिसत असल्यामुळे त्या लवकर लक्षात येत नाहीत.

टेलिग्रामला अभ्यास समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. चालू घडामोडींची पीडीएफ उतरवायला चॅनल उघडलं, की तिथे आयोगाच्या परिपत्रकावर चर्चा पेटलेली असते. मग उत्तरतालिकेवरचे आक्षेप, मग कटऑफचे अंदाज, मग टॉपरची मुलाखत. पाऊण तास जातो आणि मनाला वाटतं, आपण एमपीएससीचंच काहीतरी करत होतो. पीडीएफ मात्र न वाचता पडून राहते.

ग्रुपमधून सरळ बाहेर पडा. आयोगाचं संकेतस्थळ रोज संध्याकाळी एकदा बघा. जाहिरात चार तास उशिरा कळली म्हणून अर्जाची मुदत संपत नाही. चालू घडामोडींना एक वर्तमानपत्र आणि एक मासिक, दोन्ही छापील, पुरे.

फोन पालथा घालून बाकावर ठेवणं

अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. फोन आवाज बंद करून बाकावर ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवून आलेल्यांनी बुद्धीच्या चाचण्या चांगल्या सोडवल्या. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यावर वाद घालत बसू नका. फोनपर्यंत हात पोचत नसला, की तो सहज उचललाही जात नाही. अभ्यासिकेत लॉकर असेल तर तिथे ठेवा, नसेल तर खोलीवर ठेवून या. घरच्यांना फोनची एक ठरावीक वेळ सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही काळजी नको. वेळ बघायला साधं घड्याळ वापरा.

तास मोजणं, आठवण न तपासणं

डोळे ओळींवरून फिरतात आणि मन गावाकडच्या पैशांच्या विचारात असतं. नुसत्या वाचनात हे कळतच नाही. म्हणून पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. राज्यघटनेचं कलम 32 वाचलंत? मग त्यातले पाच प्राधिलेख, म्हणजे न्यायालयाचे आदेश, न बघता लिहा: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण. तीनच आठवले तर मन कुठे भरकटलं ते तिथल्या तिथे समजतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर 42 टक्के भाग आठवला. एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. त्यामुळेच परत परत वाचलं की सगळं येतंय असा भास होतो.

कायम पंचवीसच मिनिटांवर थांबणं

फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पोमोडोरो पद्धत, म्हणजे 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती, सुरुवातीला उपयोगी आहे. पण 2025 पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची, झाली आणि प्रत्येक पेपर तीन तासांचा असतो. दर पंचवीस मिनिटांनी उठायची सवय तिथे आड येते. दोन-तीन आठवड्यांनी 50 मिनिटांवर जा, पुढे दीड तासावर, आणि आठवड्यातून एकदा सलग तीन तास उत्तरं लिहा. मधल्या सुट्टीत चहा घ्या, चाला, फोन नको.

झोप कापून तास वाढवू नका. मेसचं जेवण झाल्यावर डोळे मिटत असतील तर त्या वेळी गणित, बुद्धिमत्ता सोडवा.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे लक्ष लागत नसेल, झोप उडाली असेल, पुस्तक उघडायचीच भीती वाटत असेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि मराठीतूनही बोलता येतं. हा फोन मात्र जरूर करा.