वंध्यत्व उपचार केंद्र निवडताना काय पाहावे, काय विचारावे

वंध्यत्व निवारण केंद्राची पायरी चढण्यापूर्वी एक काम उरकून घ्यावे, ते म्हणजे पतीची वीर्य तपासणी. काहीशे रुपयांत, एका सकाळी होणारी ही तपासणी आपल्याकडे बहुधा सर्वांत शेवटी होते. पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या होतात, महिनोन्‌महिने स्त्रीबीजांची वाढ पाहणारी फॉलिक्युलर सोनोग्राफी होते, कधीकधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते, आणि त्यानंतर कोणीतरी विचारते की यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे. ज्या केंद्रात पहिल्याच भेटीत दोघांनाही समोर बसवून दोघांच्याही तपासण्या लिहून दिल्या जातात, त्या केंद्राच्या बाजूने एक गुण तिथेच जमा करावा.

ही तपासणी नीट झाली की नाही, हे रिपोर्टवरूनच कळते. नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचा संयम पाळावा लागतो. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून नेणे भाग असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगालगत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू, एकूण हालचाल 42 टक्के आणि योग्य आकाराचे 4 टक्के ही खालची मर्यादा मानली जाते. चार टक्के हा आकडा पाहून अनेक पुरुष घाबरतात, पण ते प्रमाण सामान्यच आहे. नमुना किती वाजता घेतला व किती वाजता तपासला याची नोंद नसलेला, केवळ ‘काउंट’ लिहिलेला रिपोर्ट फारसा उपयोगाचा नसतो. एक रिपोर्ट बिघडलेला आला म्हणून लगेच निष्कर्षही काढू नये, कारण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि मधल्या काळात आलेला मोठा तापही आकडे खाली आणतो.

केंद्र केव्हा गाठावे, याचा सर्वसाधारण नियम असा की, नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तपासणी सुरू करावी, आणि पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी. पाळी फार अनियमित असणे, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेला असणे, एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक बाहेर वाढण्याच्या विकाराची) शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा पतीला लहानपणी अंडकोष खाली न उतरण्याचा त्रास असणे, यांपैकी काही असल्यास वाट पाहण्यात अर्थ नाही.

पत्नीच्या प्राथमिक तपासण्या फार नाहीत: पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी आणि एफएसएच या संप्रेरकाची रक्त तपासणी, अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी व कोणत्याही दिवशी चालणारी एएमएच, थायरॉइड व प्रोलॅक्टिन, आणि रक्तस्राव थांबल्यावर, पाळीच्या साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहणारी एचएसजी ही एक्स-रे तपासणी. एचएसजी दुखते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायला सांगणारे डॉक्टर रुग्णाचा विचार करणारे आहेत, असे खुशाल समजावे. या तपासणीचा केवळ कागद नव्हे, तर मूळ फिल्मही जपून ठेवावी, कारण दुसरे डॉक्टर तीच मागतात.

एएमएचविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण भीती घालण्यासाठी सध्या सर्वाधिक वापर याच आकड्याचा होतो. अंडाशयाला उत्तेजन देणारी इंजेक्शने दिल्यावर साधारण किती स्त्रीबीजे मिळतील, याचा अंदाज एएमएचवरून बांधता येतो. मात्र नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यावरून फारसे सांगता येत नाही. वय 29, पाळी नियमित, नळ्या मोकळ्या, पतीचा रिपोर्ट उत्तम आणि एएमएच थोडी कमी, एवढ्याच भांडवलावर कोणी ‘थेट आयव्हीएफ (स्त्रीबीज काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करणे, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी) करा, वेळ हातातून जातोय’ असे म्हणत असेल तर फाइल उचलून दुसरे मत घ्यावे. उलट पत्नीचे वय 39 असताना सहा-सात आययूआय (प्रक्रिया केलेले वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणे) करून वर्ष घालवणारे केंद्रही तितकेच टाळण्याजोगे आहे. पहिल्याच्या घाईत पैसा जातो आणि दुसऱ्याच्या संथपणात वय जाते, आणि यांपैकी परत न मिळणारी गोष्ट दुसरी आहे.

आता केंद्राकडे वळू. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, आणि या उपचारांचे नियमन करणारा कायदा संसदेत मंजूर झाला तो 2021 मध्ये. म्हणजे मधली 35 वर्षे ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’ अशी पाटी लावण्यासाठी स्वतंत्र कायदेशीर नोंदणीची गरजच नव्हती. आता प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि नोंदणीचे दोन स्तर आहेत. स्तर 1 च्या केंद्राला फक्त आययूआय करता येते. स्त्रीबीज काढणे, प्रयोगशाळेत गर्भ तयार करणे व गोठवणे यांसाठी स्तर 2 ची नोंदणी लागते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असायला हवे. त्यावरील स्तर, पत्ता आणि मुदत वाचावी, कारण नोंदणी पाच वर्षांची असते आणि ती त्या पत्त्यापुरती असते, साखळीतल्या सगळ्या शाखांसाठी नसते. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू दात्याकडून घ्यायचे असतील तर ते नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्यावे लागतात. ‘दाता आम्हीच बघून देतो’ हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. मुलगाच होईल असे कोणी आडून सुचवले, तर तिथून तत्काळ बाहेर पडावे. तो गुन्हा आहे.

कागदपत्रे तपासून झाली की खरा प्रश्न येतो तो प्रयोगशाळेचा. रुग्णाला दिसतो तो स्वागतकक्ष, तिथल्या भिंतीवरची बाळांची छायाचित्रे आणि डॉक्टरांचा चेहरा; पण आयव्हीएफचे यशापयश बऱ्याच अंशी ठरते ते रुग्णाला न दिसणाऱ्या खोलीत, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून वाढवणाऱ्या तज्ज्ञाच्या, म्हणजे एम्ब्रिऑलॉजिस्टच्या हाती. म्हणून पहिल्या दोन भेटींत हा प्रश्न विचारावाच: तुमचे एम्ब्रिऑलॉजिस्ट पूर्णवेळ आहेत की बाहेरून येतात?

लहान शहरांतील काही केंद्रांत ‘बॅच’ पद्धत चालते. आठ-दहा जोडप्यांचे उपचार अशा बेताने जुळवले जातात की सर्वांची स्त्रीबीजे दोन-तीन दिवसांतच काढता यावीत, कारण मोठ्या शहरातून एम्ब्रिऑलॉजिस्ट तेवढेच दिवस येणार असतात. गोळ्या देऊन पाळी पुढेमागे करणे यात स्वतःत काही गैर नाही, आणि मोठ्या केंद्रांतही ते केले जाते. अडचण येते ती स्त्रीबीजे पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी. बीजकोष (अंडाशयातील स्त्रीबीजाच्या पिशव्या) साधारण 18 मिलिमीटरपर्यंत वाढल्यावर ते इंजेक्शन द्यायचे आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजे काढायची, असा क्रम असतो. ज्या स्त्रीचे बीजकोष बॅचच्या तारखेला 14 मिलिमीटरवरच आहेत, तिच्यासाठी थांबले जाईल की तारीख ठरली आहे म्हणून तिलाही त्याच रात्री इंजेक्शन दिले जाईल? आणि पाहुणे एम्ब्रिऑलॉजिस्ट तिसऱ्या दिवशी परतल्यावर पाचव्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत वाढणाऱ्या गर्भाकडे कोण पाहणार? हे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत. प्रामाणिक केंद्र सरळ उत्तर देते, आणि काही केंद्रे पूर्णवेळ माणूस नसतानाही दोन्हींची चोख व्यवस्था ठेवतात.

विजेचाही प्रश्न विचारावा आणि तो विचारताना संकोच करू नये. इन्क्युबेटर (गर्भ वाढवण्याची उबदार पेटी) 37 अंशांवर अखंड चालू राहावा लागतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात किंवा दुरुस्तीच्या वारी वीज किती वेळ जाते हे कोणाला सांगायला नको. जनरेटर आहे का, तो आपोआप सुरू होतो का, गोठवलेले गर्भ ज्या उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात त्याची पातळी नोंदवण्याचे रजिस्टर आहे का, हे समजून घ्यावे. त्याचबरोबर नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर दुसरी व्यक्ती नाव पडताळते का, हेही विचारावे. एका दिवशी तीन पाटील आणि दोन जाधव असणाऱ्या केंद्रात केवळ आडनावाच्या भरवशावर काम चालता कामा नये.

यशाच्या टक्केवारीइतका निसरडा आकडा या क्षेत्रात दुसरा नाही. समजा, शंभर स्त्रियांनी इंजेक्शने सुरू केली. त्यांपैकी दहा जणींचा उपचार प्रतिसाद न मिळाल्याने मध्येच थांबला, नव्वद जणींची स्त्रीबीजे काढली गेली, पंचाहत्तर जणींच्या गर्भाशयात गर्भ सोडला गेला, पस्तीस जणींची रक्त तपासणी पॉझिटिव्ह आली आणि अखेर पंचवीस जणी बाळ घेऊन घरी गेल्या. हेच केंद्र 35 ला 75 ने भागून ‘जवळपास 47 टक्के यश’ असे छापू शकते आणि 25 ला 100 ने भागून ‘25 टक्के’ असेही सांगू शकते. खोटे यांपैकी एकही नाही. म्हणून आकडा ऐकल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: यश म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट, सोनोग्राफीतले ठोके की जिवंत बाळ? भागाकार कोणत्या संख्येने केला? आणि माझ्या वयाच्या स्त्रियांचा आकडा किती?

वयाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ब्रिटनमधील नियामक संस्थेच्या 2022 च्या आकडेवारीनुसार, स्वतःची स्त्रीबीजे वापरून गर्भाशयात सोडलेल्या दर गर्भामागे बाळ जन्मण्याचे प्रमाण 18 ते 34 या वयोगटात सुमारे 35 टक्के होते आणि 43-44 या वयात सुमारे 5 टक्के. तिथे प्रत्येक केंद्राचे निकाल कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे तशी केंद्रनिहाय आकडेवारी लोकांसमोर येत नाही, त्यामुळे सरसकट 70-80 टक्के यशाची जाहिरात पडताळून पाहण्याचा मार्ग रुग्णाकडे नसतो. माझ्या मते अशी जाहिरात हे निवडीचे कारण नसून नकाराचे कारण ठरावे.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. एका आयव्हीएफ चक्राचा खर्च महाराष्ट्रातील शहरांत साधारण दीड ते अडीच लाखांच्या घरात जातो, पण जाहिरातीतल्या पॅकेजमध्ये इंजेक्शने, भूल, इक्सी (एक शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडणे), गर्भ गोठवणे, वार्षिक साठवण शुल्क आणि नंतर गोठवलेला गर्भ सोडण्याचा खर्च यांपैकी काय धरले आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. चक्र मध्येच थांबले तर किती रक्कम परत मिळते, हे पैसे भरण्यापूर्वी कागदावर यावे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी हा खर्च देत नाहीत. शासकीय सेवेचाही शोध घ्यावा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात 2023 पासून मोफत आयव्हीएफची सोय सुरू झाली आहे. बिलात एंडोमेट्रियल स्क्रॅचिंग (गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडा काढणे), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचा द्राव), इंट्रालिपिड (शिरेतून दिला जाणारा स्निग्ध द्रव) अशी जोडउपचारांची नावे दिसली तर ‘माझ्या बाबतीत हे का, आणि केले नाही तर काय फरक पडेल’ एवढेच विचारावे. स्क्रॅचिंगचा फायदा मोठ्या चाचणीत दिसून आलेला नाही, तरी ते अजून बिलात येते.

अंतराकडे दुर्लक्ष करू नये. इंजेक्शनांच्या दहा-बारा दिवसांत चार-पाच वेळा सोनोग्राफीला जावे लागते. साताऱ्याहून पुण्याला एसटीने इतक्या फेऱ्या मारणे, तेही नोकरीवरून रजा काढून, हा खर्च पॅकेजमध्ये कोणी धरत नाही. मधल्या सोनोग्राफी गावच्या डॉक्टरांकडे करून चालतील का, हे विचारावे. अनेक केंद्रे मान्य करतात. मात्र रात्री फोन कोण उचलणार, हे त्याहून महत्त्वाचे आहे. स्त्रीबीजे काढल्यानंतर पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे ही अंडाशय अतिउत्तेजित झाल्याची लक्षणे असू शकतात, पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनातून पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असणाऱ्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो, आणि अशा वेळी सकाळी ओपीडी उघडण्याची वाट पाहता येत नाही. निवड पक्की करण्यापूर्वी एकदा रात्री नऊनंतर त्यांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून पाहावा.

संमतीपत्रे सहसा इंग्रजीत, जाडजूड आणि स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशी सकाळी पुढे केली जातात. ती आधी घरी न्यावीत, समुपदेशकाकडून मराठीत समजावून घ्यावीत आणि दोघांनी मिळून वाचावीत. एका वेळी किती गर्भ सोडणार हे त्यात असते. नियमानुसार एक किंवा दोन, आणि अपवादात्मक परिस्थितीत तीन. उरलेल्या गर्भांचे काय करायचे, दोघांपैकी एकाचे निधन झाल्यास किंवा घटस्फोट झाल्यास काय, हेही त्यातच असते. गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात.

चक्र अपयशी ठरले तर डॉक्टरांशी बसून लेखी सारांश मागावा: किती मात्रेची औषधे दिली, किती स्त्रीबीजे मिळाली, त्यांतील किती परिपक्व होती, किती फळली, गर्भाची प्रत काय होती, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी किती होती. रुग्णाने मागणी केल्यापासून 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेचा नियम आहे. हा सारांश हाती असल्याशिवाय केंद्र बदलू नये, नाहीतर दुसरीकडे तेच प्रयोग नव्याने सुरू होतात. गोठवलेले गर्भ मात्र फाइलसारखे काखोटीला मारून नेता येत नाहीत. स्वतःच्या वापरासाठी ते दुसरीकडे हलवायलाही कायद्याने या उपचारांसाठीच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे हे काम कोण करते आणि त्याला किती वेळ लागतो, हे गर्भ गोठवण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीच विचारून ठेवावे.