कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? आधी नीडल बघा, मग बाकीचं

सकाळी पार्किंगमध्ये गेलं की पेट्रोलचा वास, गाडीखाली फरशीवर ओला डाग, आणि काल टाकलेलं पेट्रोल चालवलं त्याच्यापेक्षा जास्त संपलेलं. आमच्या अण्णांच्या २००८ च्या स्प्लेंडर प्लसला हेच झालं होतं, ऐन पावसाळ्यात. मेकॅनिककडे नेली तर त्याने उभ्या उभ्या सांगितलं की कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गेलाय, नवीन टाका. रविवारी मी स्वतः उघडून बघितला तर नीडलच्या, म्हणजे आत येणारं पेट्रोल बंद करणाऱ्या छोट्या सुईच्या, टोकाला चर पडला होता, बाकी कार्बोरेटर ठणठणीत. नवीन नीडल टाकली आणि गळती बंद. म्हणून सांगतोय, पूर्ण कार्बोरेटर बदलायच्या आधी एकदा स्वतः बघा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

हे सगळं कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आला, तिथं पेट्रोल प्रेशरने येतं, ती लाईन घरी खोलू नका. खाली मी स्प्लेंडर धरून लिहिलंय पण पॅशन, डिस्कव्हर, प्लॅटिना कुठलीही असो, आतलं गणित तेच.

सगळ्यात आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी उघड्यावर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते, त्यामुळे खालच्या मजल्यावर घर असेल आणि देवघरात निरांजन चालू असेल किंवा जिन्याखाली कुणी उदबत्ती लावली असेल तर ते आधी विझवा. किल्ली काढून ठेवा, मोबाईलचा टॉर्च चालेल पण वायर लोंबणारा बल्ब नको. मुलांना लांब ठेवा. वाळूची एक बादली जवळ असू द्या, पेट्रोल पेटलं तर पाणी ओतून ते अजून पसरतं.

आता गळतंय नक्की कुठून ते शोधायचं, आणि इथंच लोक घाई करतात. गाडी मेन स्टँडवर सरळ लावा, कारण साईड स्टँडवर गाडी जास्त कलली तर आतला फ्लोटपण (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा) कलतो आणि काही गाड्या चांगल्या असूनही थोडं टाकतात. कार्बोरेटर सुक्या फडक्याने पूर्ण कोरडा करा, खाली जुना पेपर पसरा, कॉक चालू करा आणि नुसतं बघत बसा, पाच मिनिटं. कॉकपाशी किंवा नळी जिथं कार्बोरेटरला बसते तिथं ओलं झालं तर नळी कडक झालीय, टोकाचा सेंटीमीटरभर कापून परत बसवा किंवा सरळ नवीन घ्या, क्लिपसकट. कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या जोडावर ओलं येतंय तर पॅकिंग गेलं. वाटीच्या बुडाला जो ड्रेन स्क्रू असतो तिथून थेंब येतोय तर तो ढिला आहे किंवा त्याची रबर रिंग गेली. आणि वाटीला लावलेल्या ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून पेट्रोल येतंय तर मग नीडल किंवा फ्लोट, दुसरं काही नाही. कॉक बंद करूनही गळती चालूच राहिली तर कॉकचा वायसरपण गेलाय, म्हणजे कामं दोन आहेत.

आत होतं काय तर, वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर तरंगतो, तो नीडलला वर ढकलतो आणि नीडलचं टोक भोकात बसून पेट्रोल बंद होतं. आपल्या संडासच्या फ्लशच्या टाकीत चेंडू वर आला की पाणी थांबतं ना, अगदी तसंच. टोक आणि भोक यांच्यामध्ये गंजाचा एक कण अडकला तरी ते पूर्ण बसत नाही आणि वाटी भरून वाहायला लागते.

त्यामुळे खोलायच्या आधी एक सोपी गोष्ट करून बघा. कॉक बंद करून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच चार ठोके द्या, मग ड्रेन स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि स्क्रू उघडाच ठेवून दोन-तीन सेकंद कॉक चालू करा, म्हणजे कचरा असला तर धुवून निघेल. मग कॉक बंद करून स्क्रू लावा. ती बरणी फेकू नका, दहा मिनिटं एका जागी ठेवा आणि उजेडात धरून बघा. अण्णांच्या गाडीच्या बरणीत तळाला विटकरी रंगाची भुकटी बसली होती आणि तिच्यावर पाण्याचे तीन-चार गोल थेंब, पाऱ्यासारखे इकडून तिकडे पळणारे. म्हणजे टाकीला आतून गंज आणि पेट्रोलमध्ये पाणी. तुमच्यापण बरणीत असं दिसलं तर नुसती नीडल बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल आणि कॉकमधली जाळीपण साफ करावी लागेल.

एवढं करून थांबलं तर दोन दिवस बघा. नाही थांबलं तर खोलायचं. कॉक बंद, नळी काढा, वरचं टोपण हाताने फिरवून काढलं की रेसची केबल, स्लाईड (रेस पिळली की वर-खाली होणारा दट्ट्या) आणि तिची लांब सुई (ही गळतीवाली नीडल नव्हे) असं सगळं एकत्र वर येतं, ते फडक्यात गुंडाळून वर अडकवून ठेवा, सुई वाकली तर नवीनच डोकेदुखी. मग एअर फिल्टरकडची क्लिप ढिली करा, इंजिनकडचे दोन दहाच्या पान्याचे बोल्ट सोडा, कार्बोरेटर हातात येतो. इंजिनच्या भोकात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, एक वायसर आत पडला तर काय होईल ते सांगायला नको. वाटीचे स्क्रू मऊ असतात, स्क्रू ड्रायव्हर पूर्ण बसेल असाच घ्या, आधी मागून एक हलका ठोका द्या आणि मगच जोर लावा, डोकं गोल झालं की घरच्या घरी निघत नाही.

वाटी निघाली की फ्लोटची आडवी पिन हळूच ढकलून काढा. बहुतेक फ्लोट काढला की नीडल त्याच्यासोबतच येते, इतकी छोटी असते की घरंगळली तर सापडत नाही, म्हणून खाली ताट ठेवा. आता नीडलचं टोक उन्हात धरा आणि नखाने चाचपा. चांगलं टोक गुळगुळीत निमुळतं असतं. खराब टोकावर गोल रेघ दिसते, नख तिथं अडकतं, आणि टोक रबरी असेल तर ते कडक किंवा फुगलेलं वाटतं. असं असेल तर नवीन टाकाच, रिपेअर किटमध्ये नीडल आणि पॅकिंग दोन्ही येतं, आणि नवीन कार्बोरेटरच्या मानाने अगदी किरकोळ पैसे लागतात. दुकानात जुनी नीडल नेऊन शेजारी धरून लांबी बघून घ्या. २०२३ पासून पंपांवर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल यायला लागलं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नाहीये, त्यामुळे जुनी पॅकिंगं परत वापरायचा मोह टाळा.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर तो फुटलाय, तो कधीच नीट तरंगणार नाही, बदला. ज्या भोकात नीडल बसते ते पितळी असतं, तिथं कानातली काडी पेट्रोलमध्ये भिजवून फिरवा, काळं येणं बंद होईपर्यंत. पितांबरी, सँडपेपर असलं काही लावू नका, ओरखडा पडला की ते भोक कामातून गेलंच. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या स्क्रूमध्ये) तार घालू नका, फुंकून किंवा पंपाच्या हवेने साफ करा. आणि बाहेरच्या एअर स्क्रूला हात लावू नका, गळतीशी त्याचा काहीएक संबंध नाही, उगाच गाडीचं मिसफायर मागे लागेल.

सगळं बसवल्यावर पण गाडीवर चढवायच्या आधी ही परीक्षा करा, मला सगळ्यात आवडणारी. पेट्रोलच्या नळीच्या जागी एक नवीन, कोरडी नळी लावा आणि तोंडाने हलकेच फुंका, ओढायचं अजिबात नाही. कार्बोरेटर सरळ धरला की हवा जायला पाहिजे, उलटा केला की फ्लोट स्वतःच्या वजनाने नीडल दाबतो आणि हवा पूर्ण थांबली पाहिजे. उलटं धरून थोडीशी जरी हवा गेली तर पेट्रोलपण जाणारच, परत उघडा. फ्लोटची जीभ (नीडलला ढकलणारी छोटी पट्टी) धातूची असेल तर केसभर वाकवून लेव्हल जुळवता येते, प्लास्टिकची असेल तर वाकवू नका, तुटते.

परत बसवताना स्लाईडची खाच नीट जुळवा. जुळली नाही तर स्लाईड वरच अडकते आणि गाडी चालू होताच फुल रेस घेते, ती भीतीदायक गोष्ट आहे. म्हणून इंजिन बंद असताना रेस पूर्ण पिळून सोडा, आतून टक् असा आवाज आला पाहिजे, हँडल दोन्ही बाजूंना वळवूनसुद्धा.

आणि किक मारायच्या आधी इंजिन ऑइल बघा, हे विसरू नका. रात्रभर गळती झाली असेल तर पेट्रोल बाहेरच पडतं असं नाही, सिलेंडरमधून खाली ऑइलमध्येपण उतरतं. गाडी सरळ उभी करून डिपस्टिक पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवून बाहेर काढा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर आलीय, ऑइल पाण्यासारखं पातळ झालंय किंवा पेट्रोलचा वास येतोय तर इंजिन चालू करू नका, आधी ऑइल बदला, नाहीतर बेअरिंग आणि पिस्टन कोरडे घासतील. किक घट्ट लागली, पुढे सरकतच नाही असं वाटलं तर जोर करू नका, प्लग काढून किक फिरवा, सिलेंडरमध्ये साठलेलं पेट्रोल बाहेर उडतं, त्यावेळी तोंड लांब आणि प्लगची कॅप बाजूला.

मग कॉक चालू करा, नवीन कोरडा पेपर खाली टाका आणि चहा घेऊन या. पंधरा मिनिटांनी पेपर कोरडा असला तर किक मारा.