शिवसागरातली बेटं बघायला जायचंय? मग आधी कोयनेची लेव्हल बघा

आपल्या सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये शाळेतल्या पोराला जरी विचारलं की कोयनेत किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी) झालं तर ते आकडा सांगतंय. कृष्णेवरच्या ऐरविन पुलाची 40 फुटाची इशारा पातळी आणि 45 फुटाची धोका पातळी आपल्याला पाठ असते, 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसाला ती विसरता येत नाही. पण तेच पाणी वर जिथं थांबलेलं असतं तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, जावळी-महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरांत पसरलेला, त्यातली बेटं, सोंडा, पाण्याच्या पलीकडची गावं, हे बऱ्याच जणांनी कासच्या पठारावरनं लांबनं बघितलेलं असतं तेवढंच. ते नीट कसं बघायचं, कधी जायचं आणि बघताना काय ओळखायचं ते सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, तारीख बघून प्लॅन करू नका, लेव्हल बघून करा. नैसर्गिक तळ्यातलं बेट जागचं हलत नाही, रशियात बैकल सरोवरात ओल्खोन नावाचं मोठं बेट आहे ते बारा महिने बेटच असतं. शिवसागरात तसं नाही. इथं ऑक्टोबरात जे बेट दिसतं ते मे महिन्यात टेकडी झालेलं असतं आणि त्यावर गुरं चालत गेलेली असतात, आणि मे मध्ये जिथं तुम्ही उभं राहून फोटो काढता ती जागा सप्टेंबरात पार बुडालेली असते. त्यामुळं दोन माणसं एकाच ठिकाणचं वर्णन अगदी वेगळं करतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता लेव्हल कशी वाचायची. कोयना धरणाची एकूण क्षमता 105.25 टीएमसी, त्यातला पाचेक टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं वापरता न येणारं पाणी. पूर्ण भरलं की पाणी 2163 फुटांवर असतं. साधारण 73 टीएमसीला पाणी धरणाच्या सांडव्याच्या वक्र दरवाजांना टेकतं, पेपरात ती बातमी दरवर्षी येतीच. पावसाळ्यात रोज कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस, साठा, आवक आणि विसर्ग असे आकडे येतात, त्यातला साठा आणि पाणीपातळी एवढं दोनच बघा. 90 च्या पुढं साठा असेल तर बेटं सुटी सुटी, गर्द हिरवी आणि पाणी झाडीला टेकलेलं दिसणार. 50-60 च्या आसपास असेल तर प्रत्येक बेटाला खाली उघड्या तांबड्या मातीचा पट्टा आलेला असणार आणि काही बेटं काठाला चिकटलेली असणार. आणि मे अखेरीला साठा विसाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातो तेव्हा पाणी भरल्या लेव्हलच्या पार खाली गेलेलं असतं, मग काही ठिकाणी जुनी नदीच परत दिसायला लागती.

हे एवढं पाणी जातं कुठं? दोन दिशांना. बरंचसं पश्चिमेला बोगद्यातनं पोफळीकडं वीज करायला जातं आणि तिथनं वाशिष्ठीत उतरतं, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं पश्चिमेकडं वळवायला 67.5 टीएमसी ठरवून दिलंय आणि त्याचा हिशोब 1 जून ते 31 मे असा चालतो. बाकीचं धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातनं पूर्वेला कोयना नदीत, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत, आणि मग आपल्याकडं ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांना. म्हणजे मार्च-एप्रिलात आपल्या भागात योजनेचं आवर्तन (शेतीला पाणी सोडणं) सुरू झालं की तिकडं जावळीत काठ खाली सरकत असतो. हा संबंध डोक्यात ठेवून गेलात तर तिथला प्रत्येक तांबडा पट्टा तुमच्या शेताशी जोडलेला दिसतो.

बेटं झाली कशी ते समजून घ्या म्हणजे नकाशा वाचता येईल. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर सरळ दक्षिणेला हेळवाकपर्यंत येते, तिथं पूर्वेला वळते, आणि त्या वळणाजवळच 1964 मध्ये पूर्ण झालेलं हे धरण आहे, 103 मीटर उंच आणि 800 मीटरपेक्षा थोडं जास्त लांब. त्यामुळं तलाव गोल नाही, 50 किलोमीटरच्या आसपास लांब आणि अरुंद आहे, आणि वर सोळशी, कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांत त्याच्या फांद्या शिरल्यात. डोंगराच्या सोंडा दोन्हीकडनं खोऱ्यात उतरलेल्या होत्या. मूठ पालथी करून पाण्यात हळूहळू बुडवा, शेवटी फक्त बोटांची पेरं वर राहतात आणि मधल्या खाचांत पाणी शिरतं, ती पेरं म्हणजे ही बेटं. बेटांची रांग दिसली की समजायचं खाली एकच सोंड आहे.

घरी बसून करायचं पहिलं काम म्हणजे गुगल अर्थ उघडा, जलाशयाच्या काठावरच्या तापोळा आणि बामणोली या गावांच्या मधला भाग काढा आणि जुन्या तारखांचे सॅटेलाइट फोटो मागं-पुढं करून बघा, एक हिवाळ्यातला आणि एक उन्हाळ्यातला. कुठली जागा दोन्हीत बेट आहे, कुठली फक्त हिवाळ्यात बेट आहे, कुठली फक्त उन्हाळ्यात वर येती ते लगेच कळतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिकडं रेंज मिळेल असं धरून चालू नका.

प्रत्यक्ष लाँचमधनं बघताना झाडं बघा. बेटाच्या माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजन अशी मोठी झाडं असतील तर ते बेट धरण काठोकाठ भरलं तरी वर राहतं. माथ्यावर नुसतं गवत किंवा बोडकी माती असेल तर ते दरवर्षी बुडतं, झाडाला तिथं मोठं व्हायला वेळच मिळत नाही. आणि झाडीची खालची कडा एकदम सुतात कापल्यासारखी सरळ दिसती ना, ती भरल्या धरणाची रेषा. त्याच्या खालच्या पट्ट्यात नीट बघितलं तर बारीक बारीक पायऱ्या दिसतात, पाणी उतरताना जिथं जिथं थोडे दिवस थांबलं तिथं तिथं लाटांनी माती खाल्लेली असती. मला हा पट्टा बेटापेक्षा जास्त बघावासा वाटतो, त्यात वर्षभराचा सगळा हिशोब दिसतो.

याच पट्ट्यात गाळपेर असती. पाणी मागं सरकलं की काठावरची ओल असलेली गाळाची जमीन लोक पेरतात, ती जमीन सरकारची असती आणि पीक पाणी परत यायच्या आत काढायचं असतं. तुम्हाला ते मोकळं मैदान वाटेल आणि गाडी, तंबू, क्रिकेट सगळं सुचेल, तर तसलं काही करू नका, आधी बघा पेरलंय का. टिटवी उन्हाळ्यात असल्याच उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालती आणि ती खड्यांसारखीच दिसतात, टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर आल्या पावली मागं या. ओला गाळ वरनं सुकल्यासारखा दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत जातो, लहान मुलांना तिथं मोकळं सोडू नका.

पक्षी-प्राण्यांचं सांगायचं तर पाण्यातनं वर आलेल्या जुन्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले हमखास दिसतात, खंड्या दिसतो, हिवाळ्यात नशीब असेल तर मासे पकडणारा मीनगरुड. पलीकडचं मोठं जंगल हे कोयना अभयारण्य, 1985 चं, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि 2012 पासून जागतिक वारसा यादीत. तिथं गवा, सांबर, अस्वल, बिबट्या आहेत आणि सांबर चांगलं पोहतं. पण लहान बेटावर मोठ्या जंगलातलं सगळं टिकेल असं समजू नका. थायलंडमध्ये चिऊ लार्न नावाचा धरणाचा तलाव 1986-87 ला भरला, तिथल्या बेटांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की लहान बेटांवरचे मूळचे छोटे सस्तन प्राणी पाच वर्षांच्या आसपास जवळजवळ संपले, मोठ्या बेटांवरचे पंचवीस वर्षांत, आणि त्यांच्या जागी बाहेरनं आलेला एकच उंदीर माजला. उलट पनामात गातून तलावातलं बारो कोलोरॅडो बेट पंधराशे हेक्टरचं, तिथं 1923 पासून संरक्षण असल्यामुळं अजून जंगल आणि माकडं टिकून आहेत. म्हणजे आकार आणि राखण दोन्ही लागतं. म्हणून बेटावर उतरायला मिळालं तर चूल पेटवू नका, उरलेलं खरकटं टाकू नका, उंदीर आणि कुत्री त्यानंच वाढतात.

आता जायचं कसं. सांगलीकडनं पेठ नाक्यावरनं हायवेनं कराड, सातारा, मग यवतेश्वर-कास करत बामणोली, साताऱ्यापासून चाळीसेक किलोमीटर, एसटी पण जाते. दुसरी वाट महाबळेश्वरवरनं तापोळा, तिथं सोळशी कोयनेला मिळते. फुलांच्या सीझनमध्ये शनिवार-रविवारी कासचा रस्ता तुंबलेला असतो, तेव्हा एकतर मधल्या वारी जा नाहीतर उजाडायच्या आत कास ओलांडा. बामणोली आणि तापोळा दोन्हीकडं बोट क्लब आहेत, दर ठरलेले आणि बोर्डावर लावलेले असतात, बोट पूर्ण घ्यावी लागती म्हणून सात-आठ जण असलेलं परवडतं. नुसता फेरा मारायचा असेल तर कोयना, सोळशी, कांदाटीचा त्रिवेणी संगम दाखवतात, पण मी सांगेन की लाँचवाल्याला स्पष्ट सांगा की दादा आम्हाला बेटं आणि जुनी गावठाणं बघायचीत, इंजिन हळू ठेवा. ती माणसं त्याच खोऱ्यातली असतात, कुठल्या पाण्याखाली कुणाचं शिवार होतं ते त्यांना घरातनं माहीत असतं, विचारलं की मनापासनं सांगतात.

वासोटा किल्ला करायचा असेल तर बामणोलीतच वनखात्याची परवानगी, ओळखपत्राच्या झेरॉक्स बरोबर ठेवा, मग लाँचनं मेट इंदवली आणि तिथनं चढ. पावसाळ्यात तो बंद असतो, मुक्कामाला परवानगी नाही, आणि प्लॅस्टिक मोजून आत नेऊन मोजून बाहेर आणायला लागतं. धरणाच्या भिंतीकडचा भाग प्रतिबंधित आहे, तिकडं बोट न्या म्हणून हट्ट करू नका.

पाण्याबद्दल कडक सांगतो. लाइफ जॅकेट बांधूनच बसायचं, नुसतं अंगावर अडकवायचं नाही. पोहायला उतरू नका, चांगलं येत असलं तरी, कारण काठ एकदम तुटतो आणि खाली जुनी खोडं, बांध, भिंती आहेत. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव फिरतो, खोऱ्यात वारा शिरला की लाटा लगेच उठतात, त्यामुळं सकाळी निघून दुपारी काठाला या, आणि लाँचवाला म्हणाला आता नको तर तिथं विषय संपला.

आणि माणसं. हे मी सगळ्यात मनापासनं लिहितोय. धरणात गावं गेली तेव्हा काही लोक रायगड, ठाणे, सोलापूर आणि आपल्या सांगली जिल्ह्यात पुनर्वसनाला गेले, काही तिथंच वर डोंगरावर सरकले. वर सरकलेल्यांची अवस्था अशी झाली की पाण्यानं तीन बाजू घेतल्या आणि चौथ्या बाजूला जंगल. कांदाटी खोऱ्यातली लामज, आकल्पे, उचाट, शिंदी, वळवण असली गावं बेटावर नसून पण बेटासारखीच जगली, बाजार, दवाखाना, शाळा सगळं पाण्यावरनं. खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत आणि पुढं जंगलातनं चालत अंधारीच्या शाळेला जातात ही बातमी वाचून 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती. आपल्याला एका दिवसाची गंमत वाटती ती लाँच त्यांची एसटी आहे. म्हणून गावच्या लाँचमध्ये किंवा गाड्या नेणाऱ्या तराफ्यावर जागा कमी असेल तर गाववाल्यांना, शाळेच्या पोरांना, आजारी माणसाला आधी जाऊ द्या. घरांना कुलपं दिसली म्हणून गाव ओसाड समजून अंगणात, ओसरीवर घुसू नका, माणसं मुंबईत माथाडीला किंवा नोकरीला असतात आणि जत्रेला, गणपतीला सगळं घर भरतं. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर घरांची जोती, विहिरी, देवळाचे दगड उघडे पडले तर बघा, हात जोडा, पण एक दगड सुद्धा उचलून आणू नका, त्या जोत्यावर कुणाची तरी आजी नांदलेली असती आणि तिची नातवंडं वर्षातनं एकदा ते बघायला येतात.

जेवण-मुक्कामाचं म्हणाल तर बामणोली, तापोळा दोन्हीकडं घरगुती सोय असती, आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगा कारण सामान लांबनं येतं. नाचणीची भाकरी मागा. रोख पैसे खिशात ठेवा, ऑनलाइन पेमेंट रेंजवर अवलंबून. गाडीत पेट्रोल साताऱ्यात किंवा महाबळेश्वरातच फुल करून घ्या. आणि पलीकडं उतरणार असाल तर उतरतानाच लाँचवाल्याकडनं परतीची वेळ पक्की करून घ्या, त्याचा नंबर लिहून घ्या, आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी काठावर या, काठ सकाळी होता तिथंच आहे ना तेवढं बघून.