ऑफ-रोडसाठी थार किंवा जिम्नी: पेट्रोल की डिझेल?

घाटातल्या चिखलात आणि दगडात गाडी पुढे नेतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, आणि तोही कमी आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळणारा. थारचं २.२ लिटर डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० आरपीएमपासूनच देतं. जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोलला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नाही. तिचे १३४ न्यूटन-मीटर ४००० आरपीएमवर मिळतात. म्हणून जिम्नी चढावर लो-रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरमध्ये टाकूनच चालवा. ती वजनाने हलकी असल्यामुळे फारसं अडत नाही. थारचं टर्बो पेट्रोल मात्र टॉर्कमध्ये डिझेलच्या बरोबरीचं आहे, तेव्हा ‘ऑफ-रोड म्हणजे डिझेलच’ हा हट्ट आता सोडायला हवा.

खरा प्रश्न उरलेल्या दिवसांचा. गाडी आठवडाभर शहरात चार-पाच किलोमीटरच फिरणार असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साठते आणि ती जाळायला इंजिन बराच वेळ सलग, चांगल्या वेगात चालावं लागतं. डीपीएफचा दिवा लागला की आधी हायवेवर एक फेरी मारा. आणि हे फार महत्त्वाचं: काजळी जळत असताना सायलेन्सरची लाइन प्रचंड तापते, त्यामुळे उन्हाळ्यात पठारावरच्या वाळक्या गवतात गाडी उभी करू नका. वणवा लागू शकतो.

महिन्याला भरपूर हायवे आणि लांबच्या मोहिमा असतील तर डिझेलच घ्या, मायलेज चांगलं मिळतं.

ओढ्यात गाडी बंद पडली तर इंजिन कोणतंही असो, पुन्हा स्टार्टर मारू नका. आधी एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर सरळ टो करून न्या.