जुना अल्बम, आजी आणि फोनचा रेकॉर्डर

'आजी, तुझ्या लहानपणीचं सांग ना' म्हटलं की आजीला नेमकं काही आठवत नाही. समोर फोटो ठेवला की मात्र ती थांबत नाही.

१. एका बैठकीला तीन-चारच फोटो घ्या. वीस मिनिटं पुरतात, नंतर दोघंही कंटाळतात.

२. रेकॉर्डिंगचा फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवला तर पेल्याचा प्रत्येक आवाज त्यात येतो.

३. प्रश्न नातवंडांनाच विचारू द्या. 'हा कोण?' हे ठीकच, पण 'फोटो कोणी काढला?' आणि 'यात कोण नाहीये?' यांची उत्तरं जास्त रंगतात.

४. आजीचा भाऊ किंवा बहीण असेल तर दुसऱ्या फोनवरून स्पीकरवर घ्या. दोघं भांडतील: 'तो सदरा माझा होता!' भांडू द्या, मध्ये पडून दुरुस्त्या करू नका. खरा ऐवज तिथेच असतो.

५. फाइलच्या नावात आधी तारीख, मग व्यक्ती: '२०२५-०३-०९ आजी'. यादी आपोआप क्रमाने लागते.

नावं फोटोमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. पाठ गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटत नाही, मग पाकिटावर लिहा.

एक जपा: रेकॉर्डिंग कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी आजीला विचारा. काही गोष्टी तिने फक्त नातवाला सांगितलेल्या असतात.